पायलीभर भाताला टिकलेला दांडा

टिकाऊ या शब्दाची मला शिसारी येते. दुकानदाराने एखादी वस्तू पुढे सरकवून "एकदम टिकाऊ आहे, काका" म्हटलं की मी ती हातात न घेताच परत सरकवतो. बायको म्हणते, म्हातारपणी माणसाला कशाचीही किळस येते. कुणाला दुधाच्या सायीची येते, कुणाला लसणीची, तुम्हाला शब्दाची. तिचं काही चुकत नाही. पण तिने आमचं पळसदरीचं घर आबांच्या अमलाखाली असताना पाहिलेलं नाही, म्हणून ते एकदा लिहून ठेवतो.

आमचे आबा खोपोलीकडच्या एका कागद गिरणीत फिटर होते. पळसदरी स्टेशनातून गाडीने जायचे, अंगाला ग्रीस आणि लगद्याचा आंबट वास घेऊन यायचे. गिरणीत ओला लगदा वाहून नेणारा लोकरीचा जाड पट्टा असतो, त्याला फेल्ट म्हणतात. तो निकामी झाला की त्याचे तुकडे कामगारांना मिळत. आमची पांघरुणं त्या फेल्टची, बसकरं त्याची, माझं शाळेचं दप्तरही त्याचंच. फेल्ट फाटत नाही, विरत नाही, कसर लागत नाही. नुसता खाजतो. मी अठरा वर्षांचा होईपर्यंत मानेवर लाल पुरळ घेऊन झोपत आलो, आणि दर पावसाळ्यात त्या पांघरुणातून जो ओलसर, कुबट वास उठे तो आजही नाकातून गेलेला नाही. पायात ट्रकच्या टायरच्या चपला. त्या झिजत नसत, आमचे पायच झिजत. जेवणातसुद्धा आबांना टिकणारं आवडे. ताज्या मासळीचा त्यांना भरवसा नव्हता. सुकट, बोंबील, खारा मासा यांचे डबे आढ्यापर्यंत रचलेले असत आणि तांदळाच्या भाकरीबरोबर तेच निघत. वालाचं बिरडं आई इतकं सुरेख करायची की शेजारचे वाटी घेऊन येत, पण आबा म्हणत, संध्याकाळपर्यंत उतरतंय ते, त्याचा काय उपयोग.

घरात येणारी प्रत्येक वस्तू आधी पडवीत परीक्षा देई. पडवीच्या तुळईला एक लोखंडी आकडा होता आणि कोपऱ्यात पायलीभर भाताची पिशवी कायमची बांधून ठेवलेली असे. छत्री आणली की तिच्या मुठीला ती पिशवी टांगायची. दप्तराच्या बंदाला टांगायची. एकदा तर माझ्या नव्या कंपासपेटीच्या बिजागरीला टांगली होती. टिकलं तर घरात, मोडलं तर दुकानात परत. आई एकदा भाकरी थापता थापता म्हणाली होती, बरं झालं मला बघायला आले तेव्हा पिशवी बरोबर आणायला विसरले. आबा हसले नाहीत. मला वाटतं, त्यांना त्या दिवशीची चूकच आठवली असावी.

मला विमान चालवायचं होतं. का, असं कुणी विचारलं असतं तर तेव्हा मला सांगता आलं नसतं. आमच्या घरावरून घाट ओलांडून मुंबईकडे उतरणारी विमानं जात. अंगणात उभं राहून वर बघताना मला एवढंच वाटायचं की ही एक वस्तू अशी आहे, जिला आबा पायली टांगू शकत नाहीत. कर्जतला कॉलेजात होतो तेव्हा लष्करी वैमानिकाच्या निवडीसाठी अर्ज केला आणि बोलावणं आलं. त्यात एक यंत्रावरची चाचणी असे. उजव्या हातात दांडा, डाव्या हातात सरकणारी दुसरी दांडी, पायाखाली दोन पेडलं, आणि समोर पळणारा उजेडाचा ठिपका चौकोनात धरून ठेवायचा. ही चाचणी माणसाला आयुष्यात एकदाच देता येई. एकदा नापास झालात की पुन्हा त्या खुर्चीत बसायचं नाही, कितीही शिका, कितीही रडा. माझ्याकडे तीन महिने होते.

आणि माझ्याकडे दहिवलीचा मामा होता. मामा काही वर्षं मस्कतला वायरमन होता आणि परत येताना टीव्हीला जोडायचा एक छोटा कॉम्प्युटर घेऊन आला होता. तेव्हा आख्ख्या दहिवलीत तसला दुसरा नसावा. त्याच्या गेमच्या कॅसेटी असत. टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घातली की पाच मिनिटं असा काही कर्कश किंचाळा निघे की मामी कानात बोटं घालून मागच्या दारी जाऊन बसायची. मग पडद्यावर विमानाची तबकडी, काटे आणि एक आडवी रेघ उमटे. ती रेघ म्हणजे क्षितिज. रेघ सरळ धरून विमान धावपट्टीवर उतरवायचं. मामाने मस्कतहून आणलेल्या दोन प्लास्टिकच्या जॉयस्टिकपैकी एक पाहुण्यांनी पहिल्याच आठवड्यात मोडली, आणि दुसरी आजारी माणसाच्या मानेसारखी लोळत होती. विमान वर न्यायचं तर दांडा आपल्याकडे ओढायचा, हे कुणाला पटायचंच नाही. जो तो वर जायचं म्हणून पुढे रेटायचा आणि विमान जमिनीत घालायचा.

मामाने आबांना सांगितलं, की मुंबईला अशी जॉयस्टिक मिळते, पोराला आणून द्या, दर रविवारी सराव करू दे. आबांनी माझ्यासाठी तेवढं केलं, हे मी नाकारत नाही. एका सुट्टीला ते स्वतः मुंबईला गेले आणि एक काळी, लाल बटणाची जॉयस्टिक घेऊन आले. मला ती हातातसुद्धा धरू दिली नाही. पडवीत नेली, आकड्याला उलटी बांधली आणि दांड्याला पायलीची पिशवी टांगली. कट् असा बारीक आवाज झाला. आबांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मला आजही दिसतं, आणि आजही त्याची तेवढीच चीड येते. दुसऱ्या रविवारी ते मोडका दांडा खिशात घालून मामाकडे आले आणि आत काय असतं ते दाखव म्हणाले. मामाने पेटी उघडली. "आत काय नाय, आबा. चार बाजूला चार बटनं. दांडी कलंडली का बटन दाबलं जातं." एवढंच असेल तर हे घरीच होईल, असं आबांचं तिथल्या तिथे ठरलं.

पहिला दांडा मात्र आईच्या डोक्यातून आला; गोमाला सांगा, म्हणाली. आमच्या वरच्या ठाकरवाडीत गोमा नावाचा माणूस राहायचा. कुऱ्हाडी, कोयते, खोरी यांचे दांडे करून तो कशेळ्याच्या बाजारात बसायचा. माझ्या दुप्पट वयाचा माणूस, पण मी त्याला अरे-तुरे करायचो आणि ते त्यालाही खटकत नसे, मलाही नाही. लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नाही. गोमा दांडा नुसता विकायचा नाही, करून द्यायचा. ज्याच्या हातात तो जाणार तो माणूस त्याला समोर लागे. "धरनार कोन?" हा त्याचा पहिला प्रश्न. मग त्या माणसाचा पंजा आपल्या हातात घ्यायचा, मिटवायचा, उघडायचा, अंगठ्याखालचा मांसल भाग दाबून बघायचा आणि मग लाकूड निवडायचं. माझाही पंजा त्याने तसाच बराच वेळ धरला. विमानाचं त्याला समजावून सांगायला मी लागलो तर म्हणाला, ते राहू दे, हाताला काय करायचं ते सांग. मी सांगितलं. मोबदला म्हणून आबांनी फेल्टचा एक मोठा तुकडा कबूल केला. थंडी जवळ येत होती आणि गोमाची पोरं लहान होती.

आठ दिवसांनी त्याने जे आणलं ते हातभर लांबीचंही नव्हतं. धामणीच्या लाकडाचा दांडा, वर माझ्या मुठीत बसेल एवढा जाड, खाली अंगठ्याएवढा बारीक. कावडीला, धनुष्याला धामणच लागते, कारण ती लवते आणि परत येते. खालच्या खोक्यात सायकलच्या ट्यूबच्या चार पट्ट्या ताणून बसवल्या होत्या, त्यामुळे सोडला की दांडा आपोआप मध्यावर यायचा. डाव्या हातासाठी बांबूच्या खाचेत सरकणारी एक पट्टी होती, खरखरीत पानांनी इतकी घासलेली की ती एका बोटाने सरके. मामाने बटणं बसवली आणि त्या रविवारी दहिवलीला मी पहिल्यांदा विमान उतरवलं. एकदा नाही, चारदा. दांड्याला जवळजवळ हातही लावावा लागत नव्हता, मनात आणलं की रेघ कलायची. मामी मागच्या दारातून आत येऊन बघत उभी राहिली. मामा म्हणाला, दत्ता, हाच ठेव, आता दुसरं काय बघू नको. दांडा कॅरियरला बांधून सायकल मारत घरी येताना मी रस्ताभर गात होतो.

पुढे जे झालं ते सांगायला मला सगळ्यात जड जातं. आबा पाळीवर असल्यामुळे या दांड्याची परीक्षा राहून गेली होती. त्यांना सुट्टी होती त्या दिवशी गोमा फेल्ट न्यायला आला. आईने त्याला पडवीच्या कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या अॅल्युमिनियमच्या पेल्यात चहा दिला. तो पेलासुद्धा टिकाऊच होता, माझ्या जन्माआधीपासूनचा, आणि गोमा तो स्वतः विसळून पालथा घालायचा. आबांनी दांडा आकड्याला बांधला आणि पिशवी टांगली. धामण वाकली, मोडली नाही. आबांनी पिशवी हाताने खाली ओढली. तेव्हा एका ट्यूबची पट्टी खिळ्यातून निसटली आणि दांडा एका अंगावर पडला. गोमा उठून म्हणाला की पट्टी बदलता येते, कुणीही बदलेल, ती बदलायचीच असते. आबांचं लक्ष नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, तूच सांग, टिकंल काय हे?

मी तेव्हा तोंड उघडून म्हणायला हवं होतं की मी यावर चार वेळा उतरलो. माझ्या हाताला माहीत होतं. पण आबांच्या समोर उभं राहिलं की माझ्या तोंडून आबांचंच वाक्य निघे. लहानपणापासून तीच सवय झाली होती. मी हसलो. हसून म्हणालो, "हे काय टिकतंय, आबा. पोरखेळ हाय."

गोमाने पेला खाली ठेवला. रागावला नाही. आबांना एवढंच म्हणाला, "दादा, कुऱ्हाड लाकडात कुठं लागली ते हाताला कळलं पायजे. कळलं नाय तर तो दांडा नाय, खुंटा हाय." आपला दांडा सोडवून घेऊन तो वाडीकडे चालू लागला. फेल्ट ओटीवरच राहिला. काम पसंत पडलं नाही म्हटल्यावर तो कशाला द्यायचा, असं आबा म्हणाले, आणि मीही ते ऐकून घेतलं. त्या पडवीत त्या क्षणी उभा असलेला तो हसणारा पोरगा माझ्या डोळ्यांसमोर आला की मला आबांच्या फेल्टपेक्षा त्याची जास्त किळस येते.

मग आबांनी आपला दांडा केला. गिरणीच्या भंगारातून साहेबाला विचारून एका जुन्या यंत्राची पोलादी दांडी आणली, खाली जात्याच्या तळीएवढी लोखंडी पाटी, आणि चार बाजूंना वाफेच्या व्हॉल्व्हमधल्या चार स्प्रिंगा. डाव्या हातातल्या दांडीसाठी, म्हणजे थ्रॉटलसाठी, पंपाचा दट्ट्या, त्याला खाचा पाडलेल्या; एकेका खाचेत तो खटकन बसायचा आणि पुढे सरकवायला खांद्यातून जोर लागायचा. पायली टांगली, दोन पायल्या टांगल्या, शेवटी आबा स्वतः लोंबकळले. काही हललं नाही. सायकलच्या कॅरियरला ते धूड बांधून दर रविवारी मी दहिवलीला नेत असे. मामाने ते टेबलाला बोल्टने आवळलं आणि नुसती मान हलवली. मेहुण्याच्या पुढे तोही बोलत नसे. दांडा कलवायला दोन्ही हात लागायचे. पहिल्या रविवारी तळहाताला फोड आले, दुसऱ्या रविवारी ते फुटले, तिसऱ्याला मी फडकं गुंडाळून बसलो. मधल्या दिवसांत आबा पडवीत रोज तासभर तोच ओढायला लावत. हळूहळू विमान उतरायलाही लागलं, कारण माणूस कशालाही सरावतो. दीड महिन्यात फोडांच्या जागी पिवळट, जाड घट्टे आले. आबांनी माझा तळहात उताणा करून बघितला आणि जन्मात पहिल्यांदा माझं कौतुक केलं. घट्टा पडला म्हणजे शिकला, असं म्हणाले. आमच्याकडे हीच समजूत होती. नांगराचा घट्टा, घणाचा घट्टा, पान्याचा घट्टा. हाताची कातडी जितकी मेलेली तितका माणूस तयार. मला अभिमान वाटला. कॉलेजात मी ते घट्टे पोरांना दाखवत फिरलो.

चाचणीची जागा लांब होती, गाडीने दीड दिवस. जाताना आईने सुकटीची चटणी आणि भाकऱ्या बांधून दिल्या होत्या, त्या अर्थातच टिकल्या. खोली स्वच्छ, थंड. खुर्चीत बसलो, उजव्या हाताने दांडा धरला. तो दांडा बारीक होता, आणि कुणी धरलाच नसावा इतका हलका. डाव्या हातातली दांडी पाण्यात बोट फिरवावं तशी सरकली. ठिपका हलला, मी सवयीने जोर लावला, आणि तो चौकोन सोडून पार पडद्याच्या कडेला गेला. परत आणायला गेलो तर दुसऱ्या कडेला. मी दांडा हलका धरायचा प्रयत्न केला, पण हलकं म्हणजे किती ते माझ्या तळहाताला सांगताच येईना. घट्ट्यातून काही आत पोचतच नव्हतं. ठिपका इकडून तिकडे धावत होता आणि मला स्वच्छ आठवत होती ती धामण, ट्यूबच्या चार पट्ट्या, आणि मामीचं दारात येऊन उभं राहणं. काही मिनिटांत सगळं आटोपलं. बाहेर बाकावर बसून मी माझे दोन्ही हात मांडीखाली घालून ठेवले, कुणाला दिसू नयेत म्हणून.

घरी आल्यावर आबांनी निकाल ऐकला, थोडा वेळ पानाला चुना लावत बसले आणि म्हणाले की दांड्यात तर काही खोट नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो पाटीसकट गोठ्याच्या दारात पुरला आणि त्याला म्हशीचं पारडू बांधलं. वाया जायला नको. तिथे तो अजून आहे. गोठा गेला, म्हशी गेल्या, आबा गेले, गिरणीसुद्धा बंद पडली, पण दांडा जागचा हललेला नाही, गंजसुद्धा वरवरचा. परवा पुतण्या कुठल्याशा नव्या विमानाच्या गेमसाठी जॉयस्टिक आणि थ्रॉटल घ्यायची म्हणून मोबाइलवर पंचवीस चित्रं दाखवत होता आणि विचारत होता, काका, तुम्ही फिटर होता, यातली टिकेल कुठली. मी त्याला म्हटलं, टिकणारी सोडून कुठलीही घे. तो हसला, त्याला वाटलं काकांची नेहमीची तिरकी बोली.

त्याला न सांगितलेलं एक आहे. निकालानंतर चार दिवसांनी मी ओटीवरचा तो फेल्टचा तुकडा खांद्यावर टाकून ठाकरवाडीत गेलो होतो. गोमा अंगणात कोयता बसवत होता. मी त्याचा दांडा मागितला. म्हणालो, माझं चुकलं, तो मला पाहिजे, परीक्षेला नाही, नुसता पाहिजे. गोमा म्हणाला, तो त्याच दिवशी चुलीत घातला. "तुज्या हाताचा दांडा. दुसऱ्या कुनाला काय उपेग?" मी म्हटलं, मग दुसरा करून दे. त्याने कोयता बाजूला ठेवला, पूर्वीसारखाच माझा पंजा हातात घेतला, मिटवला, उघडला, अंगठ्याखाली दाबलं, मग घट्ट्यांवरून बोट फिरवलं. मग पंजा सोडून कोयता परत उचलला.

"आता तुला कुठला पन चालंल," गोमा म्हणाला. "बाजारातला घे."

फेल्ट त्याने घेतला नाही, पोरांना खाजतो म्हणाला. मी तो परत खांद्यावर टाकून खाली उतरलो, आणि पुढच्या सोमवारी आबांबरोबर गिरणीत कामाला गेलो.